रुळांच्या अलीकडची शाळा

ताई, सप्रेम नमस्कार. ह्यांचं ऑफिस येत्या एप्रिलपासून नाशिकहून मुंबईत बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात) हलतंय, म्हणजे आम्हीही हलणार, आणि आता कायमचेच. मोठी मुलगी चौथीत आहे, मराठी माध्यम, सेमी. खो-खो खेळते. धाकटा येत्या ऑगस्टमध्ये चार वर्षांचा होईल. मी घरूनच जीएसटी आणि रिटर्नची कामं करते. भाड्याला ४५ हजारांपर्यंत जाऊ शकतो. नणंद खारघरला राहते, ती म्हणते इकडेच या, रस्ते रुंद आणि शाळा मोठ्या. ह्यांचे साहेब पवईचं नाव घेतात. सासूबाईंना पार्ल्याशिवाय मुंबईत दुसरं काही चांगलं असेल असं वाटत नाही. मी तीन आठवडे याद्या वाचतेय आणि प्रत्येक यादीत पहिलं उपनगर वेगळं. चांगल्या शाळा असलेलं उपनगर नेमकं कोणतं? आणि मुंबईत येतोच आहोत, तर मुलीला इंग्रजी माध्यमात घालावं का?
– गोंधळलेली आई, नाशिक

सासूबाईंना आधी सांगा, पार्ल्याबद्दल त्या बरोबरच आहेत. पार्ले टिळक विद्यालय १९२१ चं, लोकमान्य सेवा संघ १९२३ चा. शाळा, ग्रंथालय, व्याख्यानं, गाण्याचे क्लास, सगळं पूर्वेला चालत जाण्याच्या अंतरात. अडचण एवढीच की तुमच्या ४५ हजारांत तिथं जुन्या इमारतीतलं एक बेडरूमचं घर मिळालं तरी नशीब म्हणायचं, आणि त्यातच तुमचा लॅपटॉप, क्लायंटच्या फायली आणि दोन मुलं. तेवढ्यात भागत असेल तर बेलाशक जा, पुढचं वाचायचीही गरज नाही.

भागत नसेल तर ऐका. ‘चांगल्या शाळांचं उपनगर’ अशी गोष्ट मुंबईत नसते. प्रत्येक उपनगरात दोन-चार खरंच चांगल्या शाळा असतात, बऱ्याचशा बऱ्या असतात, आणि काहींची नुसती कमानच देखणी असते. शिवाय उपनगर हा इथं फार ऐसपैस शब्द आहे. वर्सोव्याच्या समुद्रापासून मरोळपर्यंत सगळं अंधेरीच. अंधेरीतल्या एका घरातून अंधेरीतल्याच शाळेत जायला संध्याकाळी तास लागू शकतो. नाशिकला तुम्ही मुलीला स्कूटीवर सोडून, परत येऊन, चहा टाकून बसत असाल. तो हिशेब इथं विसरायचा. इथं एकच प्रश्न विचारायचा: आपल्या दारापासून शाळेच्या फाटकापर्यंत मूल कशाने जाईल, किती वेळात, आणि मधे रूळ लागतात का?

रुळांचं एवढं काय, असं वाटेल तुम्हाला. बाहेरून येणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. दादरच्या पुढची मुंबई रेल्वेने उभी चिरलेली आहे. पूर्व आणि पश्चिम ही इथं नुसती दिशा नाही, ती दोन गावं आहेत, आणि त्यांना जोडणारे पूल आणि सबवे मोजके. अंधेरीचा गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला. त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली आणि पूर्ण पूल मे २०२५ मध्ये. पूर्वेला राहून पश्चिमेच्या शाळेत जाणाऱ्या मुलाची अडीच शैक्षणिक वर्षं त्यात गेली. घर तेच, शाळा तीच, बस मात्र अर्धा तास आधी. सायनचा रेल्वेवरचा पूल ऑगस्ट २०२४ मध्ये वाहनांसाठी बंद झाला, तेव्हा तिथल्या आयांचंही हेच झालं. जुने पूल अजून बरेच आहेत आणि त्यांचा नंबर कधी लागेल ते आपल्या हातात नाही. पावसाळ्यात सबवे तुंबतात ते वेगळंच. अंधेरी सबवेचं नाव तर पाऊस पडला की तासाभरात बातम्यांत येतं.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. गोरेगाव पूर्वेला राहायचे, तिथल्याच मराठी शाळेत शिकवायचे, आणि स्वतःच्या मुलाला मात्र पश्चिमेच्या, जुहूच्या बाजूच्या एका नामांकित इंग्रजी शाळेत घातलं होतं. (मराठी शाळेतल्या बाई, आणि मुलगा इंग्रजीत! स्टाफरूममध्ये त्यावरून बोलणी खाल्ली आहेत.) शाळा खरंच चांगली होती. पण आमचा स्टॉप सगळ्यांत लांबचा, म्हणून सकाळी बसमध्ये चढणारा पहिला तो आणि दुपारी उतरणारा शेवटचाही तोच. सहा वाजून दहा मिनिटांनी बस नाक्यावर. दुपारी उतरायचा तेव्हा कपाळावर खिडकीच्या दांडीचा आडवा वळ असायचा, झोपेत डोकं तिथंच टेकलेलं. डब्यातली निम्मी पोळी-भाजी परत. दप्तर माझ्या हातात देऊन बुटांसकट दिवाणावर आडवा. चार वाजता उठवलं की चिडचिड, मग गृहपाठ, मग आठ वाजता पुन्हा पेंग. तीन वर्षं मी त्याला आळशी म्हणत होते. वर्गातल्या पन्नास पोरांची नस ओळखणारी बाई मी, घरातल्या पोराची नुसती झोप होत नाहीये हे मला कळलं नाही.

मग २६ जुलै २००५ आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस. त्या रात्री मुलं शाळेतच राहिली. तिथल्या शिक्षकांनी त्यांना खाऊ-पिऊ घातलं, गोष्टी सांगून झोपवलं, त्यांचे उपकार मी विसरायची नाही. पण मी रुळांच्या या बाजूला, तो त्या बाजूला, मधे सबवे पाण्याखाली आणि फोन लागत नाही, अशी ती रात्र होती. पुढच्या जूनमध्ये त्याला पूर्वेच्याच एका साध्या शाळेत टाकलं. चालत बारा मिनिटं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तो म्हणाला, “आई, मी खाली खेळायला जाऊ?” हा प्रश्न त्याने तोवर कधी विचारलाच नव्हता.

तेव्हा माझं गणित असं: मुलांचा एका बाजूचा प्रवास वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. चालत, रिक्षाने किंवा बसने, पण रुळांच्या एकाच बाजूला. लांबचा प्रवास मोठ्या माणसाने करायचा. तुमच्या घरात तो तुमच्या मिस्टरांच्या वाट्याला येतो, त्याला इलाज नाही. त्यांना लोकलमध्ये उभं राहून पाऊण तास काढता येईल, चार वर्षांच्या पोराला येणार नाही. साहेबांनी पवई सुचवली ती ऑफिसच्या सोयीने सुचवली. तुमच्या घरात शाळेला जाणारी दोन आणि ऑफिसला जाणारा एक आहे.

आता जागा. पवई पटकन बाजूला ठेवते. शाळा चांगल्या आहेत, पण बहुतेकींची फी आणि तिथलं घरभाडं दोन्ही मोठ्या पगाराच्या हिशेबाने. रेल्वे स्टेशन नाही, आणि मराठी माध्यमात सेमी हवं असेल तर तिथं काही शोधत बसू नका. आयआयटीच्या आवारातलं केंद्रीय विद्यालय चांगलं आहे, पण तिथं आधी आयआयटीच्या आणि केंद्र सरकारच्या नोकरांची मुलं, त्यातही बदलीवाल्यांची. तुमच्यासारख्यांचा नंबर शेवटी.

खारघर इतक्या झटकन बाद करता येत नाही. सिडकोने आखलेलं शहर आहे, रस्ते खरंच रुंद आहेत, मुलं सायकल चालवू शकतात. मुंबईत हे भाग्य थोड्यांचं. हार्बर लोकलने कुर्ल्याला यायला पाऊण तासाच्या आसपास, तिथून पुढे बीकेसी. मिस्टरांचे रोजचे तीन तास जातील. पण नणंद जवळ असणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नाही. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला तुमचा जीव जीएसटीत अडकलेला असणार, आणि त्याच दिवशी धाकट्याला ताप आला म्हणून शाळेतून फोन येणार, हे मी लिहून देते. त्या दिवशी कोण धावेल, हे घर शोधतानाच ठरवायचं असतं. नणंदेशी मनापासून पटत असेल तर खारघर यादीत ठेवा. पटतं की नाही ते पत्रात लिहिलं नाहीत, मीही विचारत नाही.

चेंबूर बीकेसीला सगळ्यांत सोयीचं, हार्बरने कुर्ला दोन स्टेशनं. पण जिकडेतिकडे पुनर्विकास चालू आहे. जिथं घर घ्याल त्याच्या शेजारी खोदकाम असायची शक्यता दाट. पश्चिमेला गोरेगाव ते बोरिवली मराठी वस्ती आहे, शाळा आहेत, मेट्रोच्या २ए आणि ७ या मार्गिका २०२३ च्या जानेवारीपासून पूर्ण धावताहेत. फक्त नाशिक त्या बाजूने लांब पडतं.

आणि नाशिकचा विचार तुम्ही केलेलाच दिसत नाही. सासूबाई तिथंच राहणार ना? मग महिन्यातून एकदा जाणं आलं, दिवाळी आली, त्यांची आजारपणं आली. नाशिक हायवे ठाण्यातून सुटतो आणि नाशिकच्या गाड्या मध्य रेल्वेवरून जातात. म्हणून मी तुम्हाला मुलुंड आणि ठाण्याचा नौपाडा-पाचपाखाडी भाग आधी बघायला सांगेन. मुलुंडहून धीम्या लोकलने कुर्ला पंचवीस मिनिटांच्या आत-बाहेर, पुढे शेअर रिक्षा किंवा बस. संध्याकाळी त्या रिक्षाच्या रांगेत मिस्टरांचे केस पांढरे होतील, पण होऊ देत. दोन्हीकडे मराठी शाळा अजून जोमात आहेत. नौपाड्यात डॉ. बेडेकर विद्यामंदिर आहे, ठाणे मराठी ग्रंथसंग्रहालय तर १८९३ पासूनचं. मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघाचं ग्रंथालय आहे, तिथल्या कालिदास नाट्यगृहात नाटकं लागतात. मुलुंडच्या शाळांची नावं मी मुद्दाम देत नाही. गोरेगावनंतरची सगळी वर्षं तिथंच शिकवलं, माझ्या नावाने जाहिरात नको. एक सावधगिरी: ठाणे म्हणून एजंट तुम्हाला घोडबंदर रोडचं नवंकोरं घर दाखवेल. क्लब हाउस, स्विमिंग पूल, भाडंही बजेटमध्ये. गर्दीच्या वेळी तिथून स्टेशन गाठायलाच तास जाऊ शकतो. स्विमिंग पूल बघून भुलू नका.

ज्यांची नोकरी परराज्यात बदलीची आहे त्यांनी सीबीएसईचा विचार करावा, त्यांचं वेगळं. तुम्ही आता इथंच राहणार, तुम्हाला राज्य मंडळ पुरेसं आहे.

शाळा बघायला जाल तेव्हा ऑफिसात पहिली गोष्ट वेळेची विचारा. मुंबईत जागा नाही म्हणून एकाच इमारतीत दोन अधिवेशनं भरतात, एक सकाळी सातला सुरू होणारं, दुसरं दुपारी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सरकारने २०२४ मध्ये सांगितलं, पण दोन अधिवेशनांच्या शाळांना ते बसवणं अवघड जातं, म्हणून प्रत्यक्ष घंटा कधी होते तेच विचारायचं. मुलगी सकाळच्या आणि मुलगा दुपारच्या अधिवेशनात आला तर तुमचा अख्खा दिवस फाटकावर जाईल आणि रिटर्न रात्री एकला भरावे लागतील. दोघांसाठी एकच आवार मिळत असेल तर थोडी कमी नावाजलेली शाळाही घ्या. माझं हे मत मुख्याध्यापकांना आवडत नाही, आयांना आवडतं.

तुमच्या मुलीच्या बाबतीत एक गोष्ट पथ्यावर पडली आहे. आपल्याकडे बऱ्याच मराठी शाळांत पहिली ते चौथी प्राथमिक विभाग आणि पाचवीपासून माध्यमिक, अशी जुनी रचना आहे. पाचवीला बाहेरून मुलं घ्यायची सवय असते, जागाही निघतात. सहावीत आला असतात तर दारोदार फिरावं लागलं असतं.

आता शाळा चांगली की वाईट, हे ओळखायचं कसं? फाटकावर ‘निकाल १०० टक्के’ असा फलक असतो, त्याकडे बघू नका. म्हणजे बघा, पण एक प्रश्न विचारा: नववीत किती मुलं होती आणि त्यातली किती १७ नंबरच्या फॉर्मने दहावीला बाहेरून बसली? कच्च्या मुलांना नववीतच गोड बोलून बाहेर काढायचं आणि उरलेल्यांचा निकाल शंभर टक्के लावायचा, हा धंदा आमच्या क्षेत्रात जुना आहे. ऑफिसात उत्तर मिळणार नाही. फाटकाबाहेरच्या पालकांत मिळेल.

दुसरा प्रश्न तुकड्यांचा. दहावीला चार तुकड्या आणि पहिलीला जेमतेम एक, अशी मराठी शाळा आतून रिकामी होत चालली आहे असं समजायचं. तुमची मुलगी दहावीपर्यंत पोचेल, मुलाचं सांगता येत नाही. गणित-विज्ञानाचे शिक्षक कायम आहेत की तासिका तत्त्वावर, तेही विचारा. तासिकेवरचे शिक्षक वाईट नसतात, बिचारे जास्तच राबतात, पण दिवाळीनंतर दुसरीकडे कायमची नोकरी लागली की निघून जातात आणि वर्ग वाऱ्यावर.

आणि सगळ्यांत खात्रीची परीक्षा म्हणजे वह्या. शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर अर्धा तास उभ्या राहा. कोणत्याही आईशी बोलणं काढा, मुंबईच्या आयांना बोलायला आवडतं, फक्त वेळ नसतो. सहावी-सातवीतल्या एकाच वर्गातल्या दोन मुलांच्या मराठीच्या किंवा विज्ञानाच्या वह्या बघायला मागा. ‘पाणी का वाचवावे?’ याचं उत्तर दोन्ही वह्यांत शब्दन् शब्द सारखं असेल, स्वल्पविरामही त्याच जागी असेल, तर ते फळ्यावरून उतरवलेलं आहे, त्या वर्गात कोणी विचार करत नाही. उत्तरं वेगळी असतील, एकात चूक असेल आणि तिच्याशेजारी लाल शाईत नुसतं ‘बरोबर’ न लिहिता एखादं वाक्य लिहिलेलं असेल, तर तिथं कुणीतरी वही वाचतं आहे. मी अठ्ठावीस वर्षं वह्या तपासल्या आहेत. वही खोटं बोलत नाही. स्वच्छतागृहही बघून या. मुलींचं, आणि मधल्या सुट्टीनंतरचं.

धाकट्यासाठी ज्या शाळा बघाल, त्यांत एक फसवणूक ओळखून ठेवा. पाटीवर ‘सीबीएसई पॅटर्न’ लिहिलेलं असलं म्हणजे शाळा सीबीएसईची झाली नाही. संलग्नता क्रमांक मागायचा. शाळा कुठलीही असो, ११ आकडी यू-डायस क्रमांक, म्हणजे शाळेचा सरकारी नोंद क्रमांक, मागायचा, मान्यतेचं पत्र बघायचं. मान्यता नसलेल्या शाळांची यादी महापालिका दरवर्षी जाहीर करते, ती फी भरण्याआधी चाळा. चार वर्षांच्या पोराची किंवा तुमची मुलाखत घेऊन प्रवेश ठरवणं शिक्षण हक्क कायद्याच्या १३व्या कलमाने बंद केलं आहे, आणि डोनेशन घ्यायला राज्यात १९८७ च्या कायद्यापासून बंदी आहे. तरी मागतात. नाव वेगळं असतं, इमारत निधी वगैरे. मला स्वतःला एकीकडे सांगितलं होतं, पावती ट्रस्टच्या नावाने मिळेल. पावती कसली हे विचारलं तर क्लार्कने खिडकी लावून घेतली. तिथं मीही फार तत्त्वनिष्ठ राहिले नाही, निमूट दुसरी शाळा बघितली.

धाकट्याचं वय बसतंय. पहिलीला ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षं पूर्ण हा राज्याचा नियम, त्या हिशेबाने तो यंदा ज्युनिअर केजीत. खासगी शाळांचे केजीचे फॉर्म मात्र आदल्या दिवाळीच्या सुमारासच निघू लागतात, तेव्हा मार्चपर्यंत थांबू नका. महापालिकेच्या शाळा या शब्दावर नाक मुरडू नका, हे आणखी एक. गेल्या काही वर्षांत पालिकेने सीबीएसईच्या शाळाही सुरू केल्या आहेत, फी नाही, प्रवेश सोडतीने. घराजवळ असेल तर अर्ज टाकून ठेवा, जातंय काय.

मुलीचं माध्यम बदलायचं का? नाही. तिचं घर बदलणार, मैत्रिणी जाणार, आजी लांब जाणार, त्यात तिची शाळेतली भाषाही काढून घेऊ नका. सेमीत गणित-विज्ञान इंग्रजीतच आहे. नाशिकची मराठी बोलणारी मुलगी मुंबईच्या सेमीच्या वर्गात चार दिवसांत मिसळेल. इंग्रजी माध्यमात तिला पहिले सहा महिने फक्त गप्प बसणं शिकावं लागेल. शिवाय सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये सुरू होतात, तोवर तिची चौथीची परीक्षाही संपलेली नसेल. धाकट्याला मात्र कुठल्या माध्यमात घालायचं ते तुम्ही दोघं ठरवा, मी त्यात पडत नाही. मराठी विषय २०२० च्या कायद्याने सगळ्याच मंडळांच्या शाळांत सक्तीचा आहे, पण तासाला शिकलेली मराठी आणि घरची मराठी यातला फरक तुम्हाला मी सांगायला नको.

घराचा क्रम लक्षात ठेवा: आधी शाळा, मग गल्ली, मग घर. लोक उलटं करतात. पहिलं वर्षभर विकत घ्यायच्या भानगडीत पडू नका. एजंट ११ महिन्यांचा करार पुढे करेल. तुम्ही ३३ किंवा ३६ महिन्यांचा मागा, भाडं दरवर्षी किती वाढेल ते त्यातच लिहून घ्या, आणि करार नोंदणीकृतच हवा. शाळेत पत्त्याचा पुरावा म्हणून तोच चालतो. आणि घरमालकाला नाही, सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठून विचारा, “इमारत रिडेव्हलपमेंटला जाणार आहे का?” मुलुंडला, नौपाड्यात जुन्या इमारती धडाधड पाडताहेत. माझ्या वर्गातल्या एका मुलीने चार वर्षांत तीन पत्ते बदलले, तिन्ही वेळा कारण हेच. मालकाला नवं घर मिळतं, भाडेकरूला एक महिन्याची नोटीस.

नाशिकचा दाखला प्रवेश पक्का झाल्याशिवाय काढू नका. काढाल तेव्हा खिडकीपाशीच उभं राहून वाचा: नावाचं स्पेलिंग, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मगाव, आधारशी जुळतं का. नाशिकमध्ये पाच मिनिटांत होणारी दुरुस्ती मुंबईत आल्यावर दोन सुट्ट्या आणि एक प्रतिज्ञापत्र खाते. सरकारी आणि अनुदानित शाळेत दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही, हेही माहीत असू द्या. कुणी अडवलाच तर आवाज न चढवता सांगा.

आता करायचं काय ते. कामाच्या एका दिवशी, शनिवार-रविवार सोडून, सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने निघा, कल्याणला उतरून लोकल धरा. शाळा सुटायच्या वेळेआधी मुलुंड किंवा ठाण्यात पोचाल. मिस्टरांना त्याच दिवशी संध्याकाळी सहाला बीकेसीतून कुर्ल्यामार्गे उलट येऊ द्या, म्हणजे रोज काय करायचं आहे ते त्यांनाही कळेल. मुलीला बरोबर आणाच. सगळ्या पत्रात तिला काय हवंय याचा एक शब्द नाही, फक्त खो-खो खेळते एवढंच, आणि तेही तुम्ही सहज लिहून गेलात. शाळेत शिरल्यावर तुम्ही ऑफिसच्या रांगेत उभ्या राहा आणि तिला मैदानाकडे पाठवा. खो-खोचे दोन खांब जवळपास प्रत्येक मराठी शाळेत असतात. काही ठिकाणी त्यांना दोरी बांधून सतरंज्या वाळत घातलेल्या असतात, काही ठिकाणी त्यांच्या बुडाशी वळणाऱ्या पायांनी माती खरवडून खळगा पडलेला असतो. कुठली शाळा खेळते, ते ती तुमचा नंबर लागायच्या आत पाहून येईल.